विनंतीचा भूतकाळ

मंगळवारी पाळी सुटली की
हात लिंबाने तीनतीनदा चोळून
(वास जात नाही, हॅडॉकचा वास बोटांना घर समजतो)
आम्ही ग्रिम्सबीच्या वाचनालयात वरच्या मजल्यावर जमतो.
मी, नानुली, जॉर्जियाची.
रेबवार, जो सुलेमानियात गणित शिकवायचा
आणि इथे लोकांचे केस कापतो.
आणि लेतेब्रहान, जिचं पूर्ण नाव
या गावात फक्त आम्ही दोघं घेतो.

ऑथ्वेटबाई फळ्यावर लिहितात : कॅन.
मग हाताच्या तळव्यानेच पुसतात. लिहितात : कुड.
हे जास्त सभ्य, म्हणतात.
रेबवार पेन खाली ठेवतो.
म्हणजे, तुम्ही खिडकी लावू शकत होता का?
कधी? काल?
खिडकी आत्ता उघडी आहे, बाई.
समुद्राचा वारा आत्ता माझ्या मानेवर येतोय.

बाई हसत नाहीत.
आपली खुर्ची वीतभर मागे सरकवतात.
म्हणतात, हे असं.
तुम्ही थोडे मागे सरलात
की समोरच्याला नाही म्हणायला जागा होते.

आमच्या गावी मागणं म्हणजे पुढे होणं.
आई कुंपणावरून शेजारणीला हाक मारायची, मीठ दे!
क्रियापद अगदी उघडं, अनवाणी.
पण मागोमाग एक शब्द यायचा, गेनात्स्वाले :
तुझ्या जागी मी.
तुझं दुखणं मला, तुझं मरण मला,
आता मीठ दे.
चिमूटभर मिठासाठी आख्खा जीव ओवाळून टाकायची
आणि शेजारीण वर भांडायची,
मागितलंस कशाला, घ्यायचं होतंस.

इथे मात्र पाय जपून टाकावा लागतो.
बसमध्ये एक म्हातारा वाकून म्हणाला, वुड यू माइंड,
पुढे बसण्याबद्दल काहीतरी.
मी पिशवी मांडीवर घेतली, जागा केली,
आणि तोंडभर हसून म्हटलं, येस.
तो क्लीथॉर्प्सपर्यंत उभाच राहिला, काठीवर भार देऊन.
माझ्या शेजारची रिकामी जागा
सगळ्या बसला दिसत होती.

मुकादम म्हणाला, नानुली,
तुला कदाचित केसांना जाळी लावावीशी वाटेल.
मी मनाशी विचारून पाहिलं.
नाही वाटत, म्हटलं, थँक्यू.
शुक्रवारी पत्र आलं, कंपनीच्या शिक्क्याचं.
तेव्हापासून मी 'माइट' शब्द ऐकला
की उठून उभी राहते.

वहीत सगळं आहे आता. कुणाला काय, किती मागे सरून.
डॉक्टरांना दोन पावलं,
घरमालकाला भिंतीला पाठ लागेपर्यंत.
लेतेब्रहान म्हणते, तिच्या वहीत
फक्त 'सॉरी' सतरा वेळा आहे,
उरलेलं ती चालता चालता शिकेल.

काल रात्री सूप जरा अळणी झालं.
मारेखी, माझी नऊ वर्षांची,
पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली,
मम, कुड यू पास द सॉल्ट, प्लीज?
किती नीट. स्वर कसा शेवटी हलकेच उचललेला.
ऑथ्वेटबाईंनी दहापैकी दहा दिले असते.
मी मीठ उचललं आणि हात तसाच राहिला.
पोर मागे सरली होती, वीतभर,
मला नाही म्हणायला जागा करून.

मला ती जागा नको होती.

घे, म्हटलं, गेनात्स्वाले.
तिने मान वर केली. व्हॉट?
काही नाही, म्हटलं. मीठ.

सिंकवरची खिडकी वाऱ्याने आपटत होती.
कुणी कुणाला काही विचारलं नाही.
मी उठले आणि लावली.